सील बदललं, तरी हाउसिंग गळतंच

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कुठलं सील गेलं?" (सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं.) माझ्या मते आधी विचारायला हवं की हे ऑइल कुठलं, मग ते गळतं कधी, आणि सीलचं नाव त्यानंतर काढावं. धाकट्या भावाच्या ट्रकवर या पावसाळ्यात जे काम निघालं, त्यावरून हे लिहितोय. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत त्याची गाडी जिथे लागते, तिथे शेजारच्या बऱ्याच गाड्यांखाली तसलेच काळे डाग आहेत. त्यांतल्या एखाद्या मालकाचा जरी खर्च वाचला, तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

मी गॅरेजवाला नाही. भोसरीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. शाफ्ट मोजायचे, बोअर (पार्टमधली गोल भोकं) मोजायचे, सरफेस बघायचा आणि माल रिजेक्ट झाला तर का झाला ते लिहून द्यायचं. या नोकरीने एक सवय लावली. कारण सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. भावाचा एकच सहा चाकी ट्रक आहे आणि तो स्वतःच चालवतो. भोसरी-चाकणचा माल घेऊन कोल्हापूरला जातो, येताना शिरोलीतून कास्टिंग भरून आणतो. कास्टिंग म्हणजे वजनाचं काम. घाट, उतार, गरम हाउसिंग (मागच्या एक्सलवरची गिअरची पेटी), सगळं आलंच.

तर मागच्या हाउसिंगच्या तोंडाशी, जिथे गिअरबॉक्सकडून शाफ्ट येऊन कपलिंगला जोडला जातो, तिथे ऑइल दिसायला लागलं. एका गॅरेजमध्ये पिनियनचं, म्हणजे कपलिंगमागच्या छोट्या गिअरच्या दांड्याचं, सील बदलून घेतलं. थोड्याच फेऱ्यांत परत ओलं. परत सील घातलं, परत तेच. मग मिस्त्री म्हणाले, "क्राऊन खोलायला लागेल, आतून काहीतरी हललंय." क्राऊन म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर. क्राऊन-पिनियन खोलायचं म्हणजे गाडी उभी, भाडी बंद, आणि मजुरीचा आकडा ऐकूनच भाऊ माझ्याकडे आला. "दादा, तू एकदा बघ, मग ठरवू." मिस्त्री कामाचा माणूस आहे. पण त्याच्या दारात चार गाड्या ताटकळत उभ्या असतात. गळती शोधायला लागतो तो निवांतपणा त्याच्याकडे नसतो, माझ्याकडे आहे.

पहिलं काम बोटांचं. डागातलं ऑइल अंगठा आणि तर्जनीत घ्यायचं, चोळायचं, वास घ्यायचा. डिझेल इंजिनचं ऑइल थोडं चाललं की काजळीने काळं पडतं, पातळ लागतं, जळकट वास येतो. गिअर ऑइल जाड असतं, बोटांत तार धरतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. दातांवर जो जबरदस्त दाब येतो तो पेलायला त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात, त्यांचा तो वास. एकदा नाकात बसला की विसरत नाही. कूलंट हिरवा किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि वासाला गोडसर. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकला ब्रेक ऑइल नसतं, पण क्लचला बहुधा तेच असतं. पातळ, पिवळसर, आणि रंगावर पडलं तर रंग उचलून काढतं.

दोन गोष्टींनी नवे ड्रायव्हर उगाच घाबरतात. एअर ड्रायर दाब भरला की फस्सकन हवा सोडतो, त्याबरोबर पाणी आणि किंचित ऑइलही बाहेर पडतं. तो त्याचा धर्मच आहे. (ऑइल जास्तच यायला लागलं तर मात्र कॉम्प्रेसर तपासावा.) दुसरी गोष्ट बीएस ६ गाड्यांची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या. एप्रिल २०२० पासून हे नियम देशभर लागू झाले, तेव्हापासून बहुतेक ट्रकना डीईएफची वेगळी टाकी आली. ते धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, ३२.५ टक्क्यांचं. गळलं तर ओलं फारसं दिसत नाही, पण वाळल्यावर सांध्यावर पांढरे खडे धरतात. पाइपवर मिठासारखं काही दिसलं तर तिकडे बघा.

आमच्या गाडीचा वास गंधकाचा होता. म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर हाउसिंग. आता ते नेमकं कुठून येतं ते बघायचं होतं.

चालत्या गाडीखाली वाऱ्याचा झोत मागे जातो. पुढे गळलेलं ऑइल त्या झोताबरोबर मागे पसरतं, धूळ धरतं, आणि हाउसिंगवर एवढा थर बसतो की सगळंच गळतंय असं वाटतं. पावसात तर विचारूच नका, रस्त्यावरचा चिखल त्यात मिसळतो. म्हणून आधी सफाई. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, इंजिन बंद. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही आणि कुणाला जाऊही देत नाही. स्टँड लागला तरच खाली. चिखल खरवडून काढला, डिझेल आणि ब्रशने धुतलं, मग साबणाच्या पाण्याने धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं केलं. गिअरबॉक्सचं मागचं तोंड, मधलं बेअरिंग, शाफ्ट, हाउसिंग, दोन्ही मागच्या चाकांची आतली बाजू, सगळं. मग कपलिंगच्या भोवती आणि हाउसिंगच्या जोडांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फुंकली. पांढऱ्यावर पहिली ओल लगेच दिसते. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे दिसेल, तिथे उगम धरायचा. खाली पडलेल्या थेंबावरून उगम ठरवायला गेलं तर फसायला होतं.

रात्री गाडीखाली खोके उघडून पसरले. पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा पेनने खुणा करून ठेवल्या, म्हणजे थेंब कुठल्या पार्टखाली पडला ते सकाळी सांगता येतं. सकाळी पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या रात्रीही कोरडाच. सील फाटलेलं असतं तर उभ्या गाडीतही थोडंफार झिरपायला हवं होतं, कारण ऑइलची पातळी पिनियनच्या खालच्या अंगाला लागलेली असते. पण भाऊ भरल्या गाडीने सातारा रस्त्याला जाऊन आला, तर कपलिंगभोवतीची पावडर चिंब आणि वरच्या पाट्यापर्यंत फवारा उडालेला. फिरत्या कपलिंगने ऑइल भिरकावलेलं होतं. थंड असताना थेंब नाही आणि गरम झालं की फवारा, यावरून माझं लक्ष सीलवरून उडालं आणि दाबाकडे गेलं.

खातरजमा सोपी होती. फेरीहून आल्यावर हाउसिंग गरम असतानाच भरायचा प्लग हळूहळू सैल केला. हातात जाड हातमोजे, तोंड बाजूला. शेवटचे आटे राहिले तेव्हा आतून "फुस्स" झालं, लांबलचक, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यावर होतं तसं. भाऊ शेजारीच उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "ही हवा कुठून आली?" मी म्हटलं, बाहेरून काही आलेली नाही. आत होती तीच तापली आणि तिला वाट मिळाली नाही.

हाउसिंगला वाट दिलेली असते. वरच्या अंगाला, एक्सलच्या नळीवर, बोटाच्या पेराएवढा एक पार्ट असतो. त्याला ब्रीदर म्हणतात. आत छोटं भोक आणि वर सैल टोपी. हवा आतबाहेर जावी, पण चिखल-पाणी आत जाऊ नये एवढ्यासाठी. गाडी धुणारा त्याच्यावर पाण्याचा झोत मारतो, ग्रीसिंगवाला त्याच्याकडे बघत नाही, आणि गॅरेजचा माणूस खालून काम करतो म्हणून वरचं त्याला दिसत नाही. आमच्या गाडीत तो शोधायलाच वेळ लागला. ऑइल आणि मातीचा थर तापून तापून असा कडक झालेला, की तिथे काही पार्ट आहे हेच कळत नव्हतं. पेचकसने पापुद्रे उडवले तेव्हा टोपीचा कडा लागला. टोपी बोटाने फिरायला आणि किंचित वर-खाली व्हायला हवी. ती जाम बसलेली होती. पान्याने ब्रीदर काढून उजेडाकडे धरला, तर भोकातून काही दिसेना. तार घातली तर आतून भट्टीतल्या विटेसारखा तांबडा चुरा निघाला.

आता यात दाब किती साठतो, त्याचा हिशेब सांगतो, कारण "एवढ्याशा भोकाने काय होतंय" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सकाळी ३० अंशांवर असलेलं हाउसिंग भरल्या गाडीने घाट चढून ९० अंशांपर्यंत गेलं असं धरा. बंद जागेतल्या हवेचा दाब या तापमानवाढीने साधारण एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.२ बार जास्त. शिवाय ऑइलही तापून फुगतं आणि हवेची जागा आणखी कमी करतं. साधं ऑइल सील दाब अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्याचा रबरी ओठ फिरत्या पोलादावर ऑइलचा पातळ थर धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. मागून सतत दाब आला की ओठ एक तर उचलला जातो, नाहीतर शाफ्टवर जोराने दाबला जाऊन जळतो. नवं सील घातलं तरी तेच होणार. आणि पावसाळ्यात उलटाही प्रकार होतो. तापलेलं हाउसिंग साचलेल्या पाण्यातून गेलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधी दिसलं तर समजा पाणी शिरलंय, ते सगळं काढून नवं भरा. आमचं ऑइल काळपट होतं पण दुधी नव्हतं, तेवढं नशीब.

ब्रीदर बदलला म्हणून काम संपलं असं झालं नाही. दाबाने जळलेलं सील तर बदलायलाच हवं होतं, आणि दोन सीलं गेलेल्या जागी कपलिंगची काय अवस्था झालीय तेही बघायचं होतं. खोलायच्या आधी कपलिंग हाताने धरून वर-खाली हलवून बघितलं. तिथे खेळ लागला असता तर पिनियनची बेअरिंग गेलेली असती, आणि मग मिस्त्री म्हणत होते ते खरं ठरलं असतं. खेळ अजिबात नव्हता. क्राऊन खोलायची गरज नाही, हे तिथेच ठरलं.

शाफ्ट उतरवताना एक लक्षात ठेवायचं. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट सुटला की तो ब्रेक चाकांपर्यंत पोचतच नाही. म्हणून गुटके आधी, पाना नंतर. शाफ्टवर आणि कपलिंगवर रंगाने खूण केली, म्हणजे परत बसवताना बॅलन्स बिघडत नाही. पिनियनचा नट तर फारच जपून. त्या नटाच्या घट्टपणावर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच तिच्यावर दिलेला दाब, अवलंबून असतो. मनाला येईल तेवढा आवळला तर बेअरिंग जळते आणि ढिला राहिला तर पिनियन हलतो. नट, पिनियनचा दांडा आणि कपलिंग तिन्हींवर पंचने खुणा करून मगच नट काढला.

कपलिंग हातात आलं, सुताच्या वेस्टने पुसलं आणि जिथे सीलचा ओठ फिरतो त्या गुळगुळीत पट्ट्यावरून नख आडवं फिरवलं. नख अडकलं. पट्ट्याच्या बरोबर मध्यावर गोल खाच पडलेली होती. डोळ्याला ती नुसती चकचकीत रेघ दिसते, म्हणून गॅरेजमध्ये कुणी तिला खाच म्हटलं नसेल. रबराने पोलाद कसं कापलं जातं असं भाऊ विचारत होता. पोलाद कापते ती ओठाखाली अडकलेली बारीक रेती, रबर तिला फक्त दाबून धरतं. नोकरीत मी नखाचा हा उपयोग रोज केला. सरफेसवरचा दोष माझ्या नखाला डोळ्यांआधी कळतो, म्हणून मी नवीन पोरांनाही तेच शिकवत आलो.

खाचेवर उपाय तीन. नवं कपलिंग, नाहीतर सील थोडं मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणायचा, नाहीतर स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे स्टेनलेसची अगदी पातळ नळी, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. ती पट्ट्यावर ठोकून बसवली की खाच झाकली जाते, आणि सील मूळ मापाचंच चालतं. आमच्या हाउसिंगमध्ये सील सरकवायला जागा नव्हती. म्हणून जुनं सील, ब्रीदर आणि कपलिंग पिशवीत घालून आम्ही नाना पेठ गाठली. सुट्या भागांसाठी मला अजूनही नाना पेठेसारखं ठिकाण नाही. काउंटरवरच्या माणसाने सील हातात घेतलं, उलटं करून त्यावरचा आकडा वाचला. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आणि विचारलं, "पट्टा बघितलाय ना कपलिंगचा? नाहीतर परत याल." असा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला की त्याच्याकडूनच घ्यावं. स्लीव्ह मिळाली, कंपनीच्या डब्यातलं सील मिळालं, ब्रीदर मिळाला. ब्रीदरची किंमत बाकीच्या खर्चात कुठे दिसणारही नाही एवढी होती.

सील बसवण्यात घाई म्हणजे नुकसान. जुनं काढताना बोअरला ओरखडा येता कामा नये. नवं बसवायच्या आधी ओठाला गिअर ऑइल लावायचं. कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच तापून कडक होतो. आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे ना ते बोटाने फिरवून बघायचं. आणि सील हातोडीने एकेका बाजूने ठोकायचं नाही. सीलच्या बाहेरच्या कड्याच्या मापाचा नळीचा तुकडा आम्ही आधीच शोधून ठेवला होता. तो वर ठेवून हळूहळू सरळ आत दाबलं, आणि चारी बाजूंनी खोली सारखी आहे ना ते व्हर्निअरने मोजलं. भाऊ हसला, पण तिरकं बसलेलं सील मी नोकरीत किती पाहिलंय ते मला माहीत आहे. नट खुणांवर आला, टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे आवळला, कपलिंग हाताने फिरवून बघितलं. जड नाही, मोकळंही नाही.

चाकांच्या आतल्या बाजूही मी त्याच वेळी तपासल्या, आणि हे कुणीही टाळू नये. हाउसिंगमधला दाब पिनियनकडून बाहेर पडतो तसाच एक्सलच्या नळीतून हबकडेही, म्हणजे चाकाच्या मध्याकडेही, जातो. हबचं सील गळलं की ऑइल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये, लायनरवर, म्हणजे घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांवर. रिमच्या आतल्या अंगाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या ओल्या रेघा दिसल्या तर ड्रम उघडायलाच हवा. ऑइल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. लायनर आतपर्यंत भिजलेलं असतं, तापलं की ऑइल परत वर येतं. दोन्ही बाजूंची लायनरं बदला, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणार. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एकाच अवजड वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली. कास्टिंग भरलेली गाडी घेऊन माझा भाऊ महिन्यातून कितीतरी वेळा त्याच उतारावरून येतो. आमची दोन्ही हब कोरडी निघाली, तेव्हा मला खरा सुटल्यासारखा श्वास आला.

गळणाऱ्या ऑइलचा त्रास फक्त मालकाला असतो असंही नाही. पहिल्या पावसात डांबरावर ऑइलचा थर असला की दुचाकीवाले धडाधड पडतात. वर्दी गेली की अग्निशमन दलाचे जवान येऊन माती टाकतात, तोवर कुणाचा तरी हात मोडलेला असतो. "रोज थोडं टाकून चालवू" म्हणणाऱ्याने हे डोळ्यांसमोर आणावं.

ऑइल भरताना गाडी सपाटीवरच हवी. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला आली की बस, जास्तीचं बाहेर ओघळू द्यायचं. गळतंय म्हणून आधीच जास्त भरून ठेवायची पद्धत आहे, तिने गळती वाढते. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. १४० नंबर सांगितलंय तिथे ९० टाकलं आणि "पातळ आहे, फिरायला हलकं जातं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

भाऊ भरली गाडी घेऊन शिरोलीहून निघाला. साताऱ्याजवळ जेवायला थांबला तेव्हा टॉर्च घेऊन खाली गेला, आणि पावडर लावलेल्या कपलिंगचा फोटो पाठवला. पांढरं, कोरडं. भोसरीत आल्यावर मी गरम हाउसिंगचा प्लग पुन्हा हळूच सैल करून बघितला. काही आवाज नाही. आता दर ग्रीसिंगला ब्रीदरची टोपी बोटाने फिरवून बघायची, असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय.

गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी मला जराशी ओल दिसलीय. अजून थेंब धरत नाही, पण पावडर तिथे करडी पडते. गिअरबॉक्सलाही वर ब्रीदर असतो. येत्या रविवारी गाडी रिकामी आहे, आधी तो काढून बघणार.